वरच्या देशाची बाई

देल्फिना बोर्बा ‘जागतिक अभ्यास’ हा विषय तिसऱ्यांदा घेत होती आणि चौथ्यांदा घ्यायची सोय नव्हती. कम्युनिटी कॉलेजचा नियमच तसा आहे. एका विषयाला तीनदा नाव घाला, नापास व्हा, नाहीतर मधेच पळून जा, कोणी काही म्हणत नाही. तिसऱ्या खेपेनंतर मात्र कॉलेजचा कॉम्प्युटर तुम्हाला ओळख दाखवत नाही. पहिल्या खेपेला तिच्या नवऱ्याच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं. दुसऱ्या खेपेला घरची विहीर आटली. ही बाई जगाचा अभ्यास करायला निघाली की जग तिच्याच अंगणात येऊन बसतं, असं तिची धाकटी बहीण म्हणायची, आणि वर केकचा दुसरा तुकडा मागायची.

फिनाचं वय छप्पन्न. कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात तिचा आणि नवरा हर्मिनियोचा दोनशे गाईंचा गोठा. आईवडील पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून बोटीने आलेले. तिने स्वतः पाहिलेला परदेश म्हणजे शेजारच्या राज्यातलं रेनो शहर, तोही चुलतभावाच्या लग्नापुरता, आणि रेनो हा परदेश नाही हे तिला माहीत होतं. पण लहानपणापासून भिंतीवर नकाशा दिसला की ती तिथेच खिळायची, मग ती भिंत दवाखान्याची असो की टायरच्या दुकानाची. बाहेर गाडीत बसलेला हर्मिनियो हॉर्न वाजवून वाजवून थकायचा.

“आता गाईंना परराष्ट्र धोरण शिकवणार का?” दूध न्यायला येणारा टँकरवाला तिला विचारायचा.

“गाईंना येतं ते,” फिना म्हणायची. “शिंगं घासून झाली की एकाच हौदावर पाणी पितात. राहिलास तू.”

या वेळी पास व्हायलाच हवं होतं. शेजारच्या गावच्या सरकारी युनिव्हर्सिटीने तिला पुढच्या दोन वर्षांसाठी घेतलं होतं, पण हा एक विषय सुटला तरच. ही गोष्ट हर्मिनियोखेरीज तिने कोणाला सांगितली नव्हती. वासरू चार पायांवर उभं राहीपर्यंत त्याचं नाव ठेवू नये, असं गोठ्यात मानतात.

वर्गात तिच्यासारखं दुसरं कोणी नव्हतं. ‘जागतिक अभ्यास’ बहुतेकांनी घेतला होता तो गणिताचा वर्ग भरला म्हणून. दोघी नर्सिंगच्या प्रवेशाच्या रांगेत ताटकळत होत्या, एक पोरगा स्केटबोर्ड उशाला घेऊन शांतपणे झोपायचा, आणि एकाला शेवटपर्यंत वाटत होतं की हा पर्यटनाचा कोर्स आहे. शिकवायला होत्या प्रोफेसर शाँग. लाओसहून इथे आलेल्या ह्मोंग समाजातल्या, शेजारच्याच जिल्ह्यात वाढलेल्या, पस्तिशीच्या आतल्या. त्यांच्याकडे डॉक्टरेट होती, फक्त कायमची नोकरी नव्हती. त्या आठवड्याला तीन कॉलेजांत शिकवत आणि त्यांचं ऑफिस म्हणजे त्यांच्या गाडीची डिकी. कोणाला काही विचारायचं असलं तर तो पार्किंगमध्ये डिकीसमोर उभा राहायचा. जगातल्या विषमतेवरचं त्यांचं व्याख्यान फार मनापासून व्हायचं.

पहिल्या दिवशी हजेरी होत आली आणि दारातून सर्गिस योनान आत आला. त्याला पाहून फिनाच्या हातातली पेन्सिल मोडली.

सर्गिस म्हणजे तिच्या कुंपणापलीकडचा बदामवाला. असिरियन. वडील बगदादहून आलेले. वय त्रेसष्ट, आवाज असा की समोरच्याला वाटावं आपणच बहिरे आहोत. कॉलेजात तो आला ते ज्ञानाच्या ओढीने वगैरे नाही. त्याची बायको शामिराम पोस्टातून रिटायर झाली आणि तिला पहिल्यांदाच कळलं की नवरा रोज सकाळी घरी असतो आणि बोलत असतो. “एक तर तू कॉलेजात जा, नाहीतर मी माहेरी जाते,” ती म्हणाली, “आणि माझं माहेर शिकागोत आहे.” सकाळी दहाला काय आहे ते पाहून सर्गिसने विषय निवडला.

सात वर्षांपूर्वी त्याने कुंपणाला लागून खोल विहीर पाडली. किती खोल, तर त्याच्या म्हणण्याप्रमाणे खालून चिनी भाषा ऐकू येईल इतकी. पाठोपाठ फिनाच्या घरची विहीर कोरडी ठणठणीत पडली. गोठ्याची कशीबशी तग धरून होती, पण तिलाही उन्हाळ्यात घरघर लागायची. घरात पाणी येतं ते ट्रेलरवरच्या टाकीतून. तेव्हापासून दोघं एकमेकांना पाण्यात पाहत होते, जे काही पाणी उरलं होतं त्यात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी भूजल समितीची बैठक भरायची. तिथे फिना उठून बोलायची, सर्गिस उठून उत्तर द्यायचा, अध्यक्ष घड्याळ बघायचा, आणि सगळे कॉफी पिऊन घरी जायचे. समितीने दोन वर्षांपूर्वी एक साधा करार लिहून ठेवला होता: उन्हाळ्यात सर्गिसने कुंपणाकडचा पंप रात्रीआड बंद ठेवायचा. फिनाची त्यावर सही होती. सर्गिसची नव्हती.

“काय गं शेजारीण,” तो तिच्या मागच्या बाकावर बसत म्हणाला, “इथेही माझी तक्रार घेऊन आलीस का?”

“मी आधी आलेय,” फिना म्हणाली.

“हेच. हेच वाक्य. सात वर्षं.”

मार्चमध्ये प्रोफेसर शाँगनी परीक्षेची पद्धत सांगितली. पेपर नव्हता. एका शनिवारी नकली संयुक्त राष्ट्रसभा भरवायची, शेजारच्या कॉलेजची मुलंही येणार. प्रत्येकाला एक देश. विषय: दोन देशांतून वाहणाऱ्या नद्यांचं पाणी. “एकच नियम नीट ऐका,” प्रोफेसर म्हणाल्या. “ज्या देशाची पाटी, त्या देशाची भूमिका. तुमचं मत घरी ठेवून या. भूमिका सोडली की या परीक्षेत शून्य. आणि या परीक्षेत शून्य म्हणजे विषयात नापास.”

“देश चुकत असला तरी?” नर्सिंगवाल्या एकीने विचारलं.

“देश चुकत असला तर जास्तच. चुकणाऱ्या माणसाला आतून काय वाटतं, ते कळायला हवं ना.”

चिठ्ठ्या हॅलोविनच्या प्लॅस्टिकच्या भोपळ्यातून काढायच्या होत्या, कारण डिकीत तेवढंच भांडं होतं. फिनाला निघालं तुर्कस्तान. सर्गिसला निघालं इराक.

सर्गिसने चिठ्ठी उलटी करून पाहिली. “प्रोफेसर, माझे वडील या सरकारपासून एक पेटी घेऊन पळाले. मी त्यांची वकिली करू?”

“तेच शिकायचंय, मिस्टर योनान.”

“मला पेटीच्या बाजूने बोलू द्या.”

“पेटीला मताचा हक्क नाही.”

“बरं झालं, तुर्कस्तान नाही आलं,” तो पुटपुटला. “तुर्कांनी गावातून हाकललेली माझी आजी थडग्यातून उठून कॉलेजात आली असती. आणि तिने फीही भरली नसती.”

प्रोफेसर शाँगनी फळ्यावर दोन नद्या काढल्या, वर तुर्कस्तान, खाली इराक. वरच्याकडे धरणं, खालच्याकडे तहान. वरचा देश म्हणतो, पावसाचं पाणी आमच्या डोंगरातलं, त्याचं काय करायचं ते आम्ही ठरवू. खालचा म्हणतो, नदी तुमच्याआधीपासून आमच्याकडे येते. त्यांनी खडू खाली ठेवला तेव्हा फिना फळ्याकडे पाहत नव्हती. ती मागे वळली होती, आणि सर्गिसही तिच्याकडेच पाहत होता. सात वर्षांत पहिल्यांदा पाणी फिनाकडे होतं आणि मागायची पाळी त्याची होती.

तिने तयारीला सुरुवात केली ती चांगल्या विद्यार्थिनीसारखी. लायब्ररीतून तीन पुस्तकं आणली, प्रोफेसरांचं तुर्कस्तानवरचं टिपण पाठ केलं, पिवळ्या रंगाने एवढ्या ओळी रंगवल्या की न रंगवलेल्या शोधाव्या लागत. पण बोलायला उभी राहिली की सगळं बिघडायचं. हर्मिनियोला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून तिने तीनदा भाषण केलं. तिन्ही वेळा तुर्कस्तान दोन मिनिटांत रडवेलं झालं आणि खालच्या देशाची माफी मागू लागलं.

“तुला नाही म्हणता येत नाही,” हर्मिनियो म्हणाला. “कधीच येत नव्हतं. म्हणून तर लग्न झालं आपलं.”

“मग मी काय करू? नापास होऊ?”

“तुला नाही म्हणणारा एकच माणूस माहीत आहे. त्याच्यासारखं बोल.”

फिना जरा वेळ उभी राहिली. मग तिने पट्ट्यात दोन्ही अंगठे खोचले, हनुवटी वर केली आणि म्हणाली, “पाऊस माझ्या डोंगरात पडतो. त्याच्या थेंबावर शेजाऱ्याचं नाव लिहून आलेलं मी पाहिलं नाही.”

हर्मिनियो लिंग्विसा सॉसेजचा तुकडा काट्याला तसाच ठेवून हसत सुटला. “तोच. आवाज तेवढा वाढव.”

तयारी झाली. पुस्तकं तिने परत केली. सर्गिसची सात वर्षांची भाषणं तिला तोंडपाठ होती, जशी माणसाला न आवडणारी गाणीच पाठ असतात. फक्त ‘माझी विहीर’ म्हणायचं तिथे ‘आमचं धरण’ म्हणायचं. आयत्या पिठावर रेघोट्या मारायला तिला जराही लाज वाटली नाही.

शनिवारी कॉलेजच्या कँटीनमध्ये जग भरलं. टेबलं गोल लावली होती, प्रत्येकासमोर देशाची पाटी, मागे कोल्ड्रिंकचं मशीन गुरगुरत होतं. स्केटबोर्डवाल्याला फ्रान्स मिळालं होतं आणि तो फ्रान्सला शोभेल असा उशिरा आला. फिनाने चर्चच्या सणाला घालायचा निळा पोशाख घातला होता. सर्गिस अंत्ययात्रेला घालायच्या काळ्या सुटात होता, आणि दर पाच मिनिटांनी कॉलरमध्ये बोट घालून मान मोकळी करत होता.

पहिलं भाषण इराकचं.

“मी सर्गिस योनान,” त्याने सुरुवात केली, आणि अध्यक्षाच्या जागी बसलेल्या प्रोफेसर शाँगनी हातोडा आपटला. “इथे ‘मी’ नाही, मिस्टर योनान. देश बोलतो.”

“मी देशच आहे,” सर्गिस म्हणाला, आणि पुन्हा हातोडा पडला.

मग इराक बोलला. सुरुवातीला अडखळत, नंतर आपोआप. “इराक आधी आला. इराकची शेतं त्या नदीवर होती तेव्हा वरती धरण बांधणाऱ्याचा आजाही जन्मला नव्हता. आणि तहानलेली गाय अहवाल पीत नाही.”

फिना खुर्चीत ताठ झाली. ते वाक्य तिचं होतं, ऑगस्टमधल्या बैठकीतलं, गाईसकट. इराकात गाईंपेक्षा काही वेगळं तहानेनं मरत असेल, पण सर्गिसला आठवलं ते हेच. म्हणजे तो ऐकत होता. सात वर्षं तिला वाटत होतं की ती बोलते तेव्हा हा माणूस मनातल्या मनात बदाम मोजतो.

तिने तुर्कस्तानची पाटी उचलली. उभी राहिली. पोशाखाला पट्टा नव्हता, तरी अंगठे आपोआप कमरेशी गेले.

“पाऊस तुर्कस्तानच्या डोंगरात पडतो,” ती म्हणाली. “त्याच्या थेंबावर शेजाऱ्याचं नाव लिहून आलेलं तुर्कस्तानने पाहिलं नाही. इराकचे कालवे गळके आहेत, हा तुर्कस्तानच्या धरणाचा दोष नाही. दुष्काळ देवाने पाठवला आहे, तक्रार तिकडे करावी. तरीही शेजारधर्म म्हणून तुर्कस्तान अभ्यास करायला तयार आहे. अहवाल येऊ द्या.”

कँटीनमध्ये हशा पिकला. सर्गिसचं तोंड उघडंच राहिलं. नर्सिंगवाली, जी आज नॉर्वे होती, शेजारणीच्या कानाशी लागली, “यांनी किती महिने सराव केला असेल गं?”

दुपारपर्यंत हेच चाललं. इराक मागायचा, तुर्कस्तान हसून टाळायचं. इराक चिडला की तुर्कस्तान म्हणायचं, भावनेच्या भरात पाण्याचे निर्णय होत नाहीत, आणि हे वाक्य सर्गिसने गेल्या सप्टेंबरमध्ये तिच्या रडण्यावर टाकलं होतं. तिला ते इतकं सहज आलं की तिचं तिलाच नवल वाटलं. तो घामाघूम झाला. त्याने टाय सैल केला. एकदा तर तो पाटी विसरून ओरडला, “अगं, जरा तरी ऐकशील का?” आणि प्रोफेसर शाँगनी हातोडा उचलून तसाच खाली ठेवला, कारण यात ‘मी’ नव्हतं.

जेवण ज्याने त्याने घरून आणलं होतं, सगळ्यांनी मिळून खायला. शामिरामने डोल्मा पाठवला होता, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात. फिनाने गोड पाव आणला होता. डोल्मा तुर्कांचा की इराकचा यावर फ्रान्स आणि नॉर्वेचं जुंपलं, आणि ते भांडत असताना ताट रिकामं झालं. फिना कोपऱ्यात कॉफी ओतून घेत होती. सर्गिस तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. आवाज त्याने खाली आणला, म्हणजे फक्त अर्ध्या कँटीनला ऐकू जावा इतका. मग तेही ध्यानात येऊन त्याने तिला मशीनच्या आड ओढलं.

“माझ्या ठरावाला हो म्हण,” तो म्हणाला.

“दुष्काळात ठरलेलं पाणी सोडायचंच, आणि मोजायला बाहेरचा माणूस. हा ठराव?”

“हाच. माझी मतं बरोबरीत येतील, मी सगळ्यांना भेटलोय. तुझं एक लागेल.”

“तुर्कस्तान कधी हो म्हणेल का याला? टिपणात पहिल्याच ओळीत लिहिलंय. मी हो म्हटलं तर मला शून्य मिळेल, सर्गिस.”

“आणि तू हो म्हटलंस,” तो म्हणाला, “तर सोमवारी मी त्या करारावर सही करतो. रात्रीआड पंप बंद.”

फिनाने कॉफीचा कप खाली ठेवला. “चेष्टा करू नकोस.”

“आईच्या थडग्याची शपथ.”

सर्गिस बैठकीत खोटं बोलायचा, विम्यावाल्याशी खोटं बोलायचा, बायकोशी तर आरोग्याच्या कारणासाठी बोलायचा. पण आईच्या थडग्याची शपथ त्याने या खोऱ्यात एकदाच घेतली होती, आणि ती पाळायला त्याला ट्रॅक्टर विकावा लागला होता. हे गावाला माहीत होतं, फिनालाही.

“एका नाटकातल्या मतासाठी?” तिने विचारलं. “सात वर्षं माझं पाणी ओढलंस आणि आता एका कागदी ठरावासाठी देतोस?”

सर्गिसने कपाळ पुसलं. “सकाळपासून मागतोय गं. कोणी हो म्हणत नाही. ती पोरं हसतायत. एकाने तरी हो म्हणावं.” तो खोटं बोलत नव्हता. त्याचे डोळे लाल झाले होते, आणि हे त्याचं त्यालाही आवडलेलं नव्हतं.

“माझी ही तिसरी खेप आहे,” फिना म्हणाली. “शेवटची. नापास झाले तर युनिव्हर्सिटी गेली.”

“मला काय माहीत होतं? तू कोणाला सांगतेस का काही?” त्याने टाय आणखी सैल केला. “पण गाई की कागद, ते तूच ठरव. दोन्ही देता आलं असतं तर दिलं असतं असं म्हणणार नाही. मी चांगला माणूस नाही. पण शपथ खरी आहे.”

तो गेला. फिना मशीनच्या आड उभी राहिली. जुलैमध्ये गोठ्याचा नळ कसा वाजतो ते तिला माहीत होतं, आधी खोकतो, मग हवा सोडतो, मग दोनशे माना त्याच्याकडे वळतात. हर्मिनियोचा खुबा आणि ट्रेलरवर टाकी चढवताना त्याचं दाबलेलं कण्हणंही तिला माहीत होतं. आणि दुसऱ्या बाजूला होतं ते काहीच माहीत नव्हतं: मोठ्या इमारती, पुस्तकांचे मजले, कुठल्यातरी वर्गात भिंतभर नकाशा. न पाहिलेल्या गोष्टीसाठी पाहिलेली तहान सोडून द्यायची, असा हा सौदा होता. शहाण्या बाईने पाणी घेतलं असतं. फिनाने स्वतःला तसं सांगितलंही, आणि हो म्हणायचं ठरवूनच ती जागेवर येऊन बसली. मन हलकं झालं. डोळ्यांत पाणी आलं, ते युनिव्हर्सिटीसाठी होतं, आणि तिने ते रुमालाने टिपलं.

मतदान सुरू झालं. तटस्थ राहायला बंदी होती, कारण गेल्या वर्षी सगळे देश तटस्थ राहून जेवायला निघून गेले होते. नावं पुकारली जात होती. नॉर्वे हो म्हणाला. फ्रान्सला कोपराने ढोसावं लागलं, आणि मग तोही हो म्हणाला. मतं खरंच बरोबरीत आली. हे सर्गिसने कसं जमवलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, डोल्मा वाढताना त्याचा हात फार सैल सुटला होता. यादीत शेवटचं उरलं तुर्कस्तान.

“तुर्कस्तानचं मत?” प्रोफेसर शाँगनी विचारलं.

फिना उभी राहिली. अख्खी खोली तिच्याकडे पाहत होती. सर्गिस पाहत होता, पुढे झुकून, दोन्ही हात टेबलावर, जशी ती दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी झुकून बसायची. तो तिच्या तोंडाकडे पाहत होता. तिच्या तोंडातून आता काय निघेल यावर त्याचा सगळा दिवस टांगलेला होता. आणि फिनाच्या पोटात एक ऊब पसरली. ही ऊब तिने आधी कधी अनुभवली नव्हती. घाई करायची तिला गरज नव्हती. ती थांबली. मुद्दाम थांबली, आणखी थोडी थांबली, आणि तो आणखी थोडा पुढे झुकला.

“अहवाल,” ती म्हणाली, “येऊ द्या. तुर्कस्तानचं मत, नाही.”

हातोडा पडला. टाळ्या वाजल्या, कोणीतरी शिट्टी मारली. प्रोफेसर शाँग उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. “एका क्षणासाठीसुद्धा भूमिका सोडली नाही,” त्या नंतर डिकीपाशी म्हणाल्या. “मिसेस बोर्बा, तुम्ही पास आहात. नुसत्या पास नाही, पहिल्या आहात.” फिना आभार मानून वळली. तिला आनंद झाला होता, खरा झाला होता, आणि त्याच्या तळाशी काहीतरी घाण चिकटून बसली होती.

सर्गिस आपल्या पिकअपमध्ये दार उघडं टाकून बसला होता. काळा कोट मांडीवर, टाय हातात. फिनाची गाडी त्याच्या पलीकडे होती, त्यामुळे त्याला टाळून जाता येत नव्हतं.

“पाणी मिळालं असतं तुला,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“मी शपथ मोडली नसती.”

“तेही माहीत आहे.”

त्याने टायची घडी केली, पुन्हा उलगडली. “शिक्षणासाठी केलंस. ठीक आहे. मीही केलं असतं. युनिव्हर्सिटी म्हणजे काही थोडी गोष्ट नाही.”

त्याने तिला पळवाट काढून दिली होती, आणि ती चांगली होती. कोणालाही सांगता आली असती. फिनाने ती घ्यायला तोंड उघडलं.

“नाही रे,” ती म्हणाली. “हो म्हणायचं ठरवून बसले होते. तू असा पुढे झुकलास ना, तेव्हा मजा आली. म्हणून नाही म्हटलं.”

तो हसेल असं तिला वाटलं. टोमणा मारेल, सोमवारी भर बैठकीत सांगेल. सर्गिसने मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं.

“मजा येते ना?” त्याने विचारलं. आवाज इतका हळू होता की तो त्याचा वाटेना.

फिनाचा चेहरा तापला. ती आयुष्यात इतकी शरमली नव्हती. सात वर्षं ती त्याला सांगत होती की तुला काही वाटत नाही, तुझ्या छातीत दगड आहे. दगड नव्हता. तिच्या पोटात दुपारी जी ऊब होती तीच त्याच्याही होती, दर महिन्याला, आणि तिला ती आता ओळखता येत होती.

“येते,” ती म्हणाली.

शेजारून फ्रान्स स्केटबोर्डवर निघून गेला.

“दिवसभर मागितलं,” सर्गिस म्हणाला. “आता घरी जाईन, जेवेन, अंथरुणावर पडेन. तुला झोप लागते का गं असं मागून आल्यावर?”

“लागते,” फिना म्हणाली. “पहिली दोन-तीन वर्षं नाही लागत.”

ती गाडीत बसली आणि निघाली. फाटकापाशी वळताना तिने आरशात पाहिलं, तर सर्गिसच्या पिकअपचं दार अजून उघडंच होतं.